गाडी सुटल्यावर

डिस्ने वर्ल्ड म्हणजे कुंपण घातलेली एक मोठी बाग, अशी कल्पना करून गेलेला माणूस पहिल्याच सकाळी गोंधळतो. फ्लोरिडात ऑर्लँडोच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० चौरस मैलांवर पसरलेली ती जागा आहे. चार मुख्य उद्यानं एकमेकांपासून लांब, हॉटेलं त्याहून विखुरलेली. त्यामुळे दिवसाची पहिली रांग खेळण्यांची नसते, गाडीची असते. हॉटेलच्या दारातून उद्यानापर्यंत बस. मॅजिक किंगडम या पहिल्या उद्यानासमोरच्या तळ्याला वळसा घालणारी मोनोरेल, जी १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते उद्यान उघडलं तेव्हापासून धावते आहे आणि १९८२ मध्ये एपकॉट हे दुसरं उद्यान झाल्यावर जिचा फाटा तिकडे गेला. तिचा सगळा मार्ग मिळून १४.७ मैलांचा. त्याच तळ्यातून जाणारी मोठी फेरीबोट. आणि सप्टेंबर २०१९ पासून डोक्यावरून सरकत जाणारा स्कायलायनर हा रोपवे. लहान मुलांना तर यातली प्रत्येक गाडी हाच एक खेळ वाटतो. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिला किल्ल्यापेक्षा रोपवेच्या केबिनचं दार आपोआप बंद होताना बघण्यात जास्त रस होता.

करोनाच्या काळात त्या सगळ्या विस्तारातून मास्क सर्वांत शेवटी उतरला तो या गाड्यांमधून.

मार्च २०२० च्या मध्याला उद्यानं बंद झाली आणि जुलैमध्ये उघडली तेव्हा दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क सक्तीचा होता. खाताना आणि पोहताना तेवढी सूट. गळ्यातली पट्टी वर ओढलेली चालत नव्हती, रुमाल चालत नव्हता, झडप असलेला मास्कही चालत नव्हता. बसमध्ये आसनांच्या गटांमध्ये पारदर्शक पडदे लावले होते आणि रोपवेच्या एका केबिनमध्ये एकाच कुटुंबाला बसवत. मग मे २०२१ मध्ये उघड्यावरचा मास्क ऐच्छिक झाला. जूनमध्ये लस घेतलेल्यांना बंद जागेतही मोकळीक मिळाली, गाड्या सोडून. जुलैअखेर डेल्टाची लाट आली आणि बंद जागेतला मास्क सगळ्यांसाठी परत आला. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी तो लस घेतलेल्यांसाठी पुन्हा ऐच्छिक झाला, आणि पुन्हा तीच ओळ: बस, मोनोरेल आणि स्कायलायनरमध्ये मात्र दोन वर्षांवरच्या सर्वांना बंधनकारक.

या ओळीमागचं मोठं छत्र वॉशिंग्टनचं होतं. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने, जानेवारी २०२१ च्या अखेरीस काढलेला आदेश विमानं, रेल्वे, बस, टॅक्सी अशा सर्व प्रवासी वाहनांना लागू होता. फ्लोरिडाचं राज्य सरकार सक्तीच्या उघड विरोधात होतं. त्यामुळे त्या राज्यात बसच्या पायरीवर पाय ठेवला की नियम बदलायचा. दुकानात मास्क नको, सिनेमागृहात नको, बसमध्ये हवा.

एप्रिल २०२२ मधल्या ज्या आठवड्यात हे संपलं, त्या आठवड्यात आम्ही तिथे होतो. आम्ही अटलांटाला राहतो. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं २७ मार्चला सुरू केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला आई-बाबा पुण्याहून आले. लेक दीड-दोन वर्षांची असताना त्यांनी तिला शेवटचं उचलून घेतलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी करोनाची चाचणी, तिचा कागद, लसीचा कागद, हे सगळं बाबांनी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून आणलं होतं. महाराष्ट्रात गुढीपाडव्यापासून, २ एप्रिलपासून, सगळे निर्बंध उठले होते आणि मास्कही ऐच्छिक झाला होता. बाबांनी काढला नव्हता.

बाबांचा मास्क करोनाचा नाही, हे सांगायला हवं. त्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण करोनाच्या काही वर्षं आधीचं. बदललेलं मूत्रपिंड शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ जी औषधं घ्यावी लागतात, ती प्रतिकारशक्तीच खाली ओढतात. म्हणून डॉक्टरांनी गर्दीत मास्क सांगितला तो तेव्हापासून. पुण्याच्या बसमध्ये ते मास्क लावून चढले की शेजारचा माणूस सरकून बसायचा. याला काहीतरी झालंय, अशा नजरेने. काहीजण थेट विचारायचे, "टीबी आहे का हो?" बाबांनी त्याचा कधी त्रागा केला नाही, पण ते बसने जाणं टाळू लागले होते. हा माणूस एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. आयुष्य स्थानकावर गेलेलं, आणि त्याला गाडीत बसायला नको वाटू लागलं होतं.

मग २०२० आलं आणि सगळं जगच बाबांसारखं दिसू लागलं. त्या दोन वर्षांत लोकांनी काय काय सोसलं ते मला माहीत आहे आणि त्या काळाबद्दल चांगलं बोलताना जीभ अडखळते. तरीही हे खरं आहे की त्या दोन वर्षांत बाबा चारचौघांत चारचौघांसारखे होते. कोणी सरकून बसत नव्हतं. कोणी आजार विचारत नव्हतं. एरवी जी काळजी त्यांनी एकट्याने वाहिली होती, तिच्यातला थोडा थोडा वाटा गाडीतल्या प्रत्येकाने उचलला होता, तो कोणासाठी उचलतो आहे हे ठाऊक नसताना.

मास्कची रचनाच अशी आहे की तो लावणाऱ्यापेक्षा समोरच्याच्या जास्त उपयोगी पडतो. विषाणू तोंडातून बाहेर पडतो तिथेच अडवणं सोपं. हवेत मिसळून पसरल्यावर तो दुसऱ्याच्या नाकाशी अडवणं कठीण. चांगला घट्ट एन-९५ एकट्यानेही बराच बचाव करतो, आणि त्या जानेवारीत अमेरिकी सरकारने औषधांच्या दुकानांतून ४० कोटी एन-९५ फुकट वाटायचं जाहीर केलं, त्यातले आम्हीही घेऊन ठेवले होते. पण दोघांनी मास्क लावलेला असणं आणि एकाने लावलेला असणं यात फरक आहेच. आणि ज्यांचं शरीर औषधांमुळे लशीला नीट दाद देत नाही, त्यांच्यासाठी तो फरक किरकोळ नसतो. बाबांच्यासारख्या रुग्णांना अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्येच जादा तिसरा डोस मंजूर करावा लागला होता, तो याच कारणाने.

आम्ही गेलो तो आठवडा ईस्टरला लागून होता आणि उद्यानाच्या पन्नाशीचा उत्सव चालू होता. सोमवारी, १८ एप्रिलला, लेकीच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट घडायची होती. दोन वर्षं मिकी आणि मंडळी लांबूनच हात हलवायची, ती त्या दिवसापासून पुन्हा मुलांना मिठी मारणार होती. आम्ही रोपवेने निघालो. केबिनमध्ये आम्ही पाच जण आणि एक अनोळखी जोडपं, सगळे मास्कमध्ये. बाबा खिडकीशी बसले होते आणि खालच्या रस्त्यावरच्या बस मोजत होते. किती मिनिटांनी एक, कुठली रिकामी, कुठली भरलेली. तारेवर टांगलेल्या केबिनी एकीमागून एक स्थानकात शिरतात आणि रांग कधी थांबतच नाही, याचं त्यांना विलक्षण कौतुक वाटलं. "ह्याला वेळापत्रकच नको," ते म्हणाले.

त्याच दिवशी फ्लोरिडातल्याच टँपा शहरातल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश कॅथरिन किंबल मिझेल यांनी सीडीसीचा आदेश रद्द ठरवला. आम्हाला ते संध्याकाळी फोनवर कळलं. एकोणसाठ पानी निकाल होता. सीडीसीला १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने एवढा अधिकार दिलेला नाही, आदेश काढण्याआधी लोकांचं म्हणणं मागवण्याची पायरी योग्य कारणाशिवाय गाळली, आणि आदेशामागची कारणं पुरेशी दिली नाहीत, असे त्याचे तीन पाय होते. आणि तो फक्त खटला भरणाऱ्यांपुरता नव्हता, देशभरासाठी होता. रात्रीपर्यंत विमान कंपन्यांनी एकामागून एक सक्ती उठवली. काही विमानं त्या वेळी आकाशात होती आणि तिथेच घोषणा झाल्या. लोकांनी मास्क काढून हवेत फिरवल्याच्या चित्रफिती आम्ही हॉटेलच्या खोलीत बघितल्या.

बाबांनी त्यातली एक दोनदा बघितली आणि म्हणाले, "प्रवाशाला जे सांगायचं ते गाडी सुटायच्या आधी सांगायचं असतं. सुटल्यावर नाही."

मला वाटतं या साऱ्या प्रकरणाबद्दल मी वाचलेल्या ढीगभर मजकुरात इतकं नेमकं कोणीच बोललं नाही. मास्क कायम राहायला हवा होता असं बाबांचं म्हणणं नव्हतं. त्यांच्या नोकरीत रस्ता बंद झाला की गाडी वळवली जायची, फेरी रद्द व्हायची, प्रवासी ओरडायचे. पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला घरी परतायची मोकळीक असते. चढलेल्याला नसते. त्या विमानांत कुठेतरी बाबांसारखा कोणीतरी बसला असणार. त्याने तिकीट काढताना एक गाडी निवडली होती, आणि अर्ध्या वाटेत ती दुसरी झाली.

सीडीसीने आदेशाची मुदत आदल्याच आठवड्यात ३ मेपर्यंत वाढवली होती. म्हणजे शेवट तसाही दिसत होता. त्या तारखेला तो संपला असता, किंवा आणखी पंधरा दिवसांनी, तर मी हे लिहायला बसले नसते. लोकांना आधी विचारलं नाही असा दोष न्यायालयाने सीडीसीला दिला, आणि तो मला पटतो. खटला भरणाऱ्यांत मास्कमुळे आपली चिंता वाढते असं सांगणारी व्यक्ती होती. तिचा त्रासही खरा असू शकतो. पण आदेश उतरवताना तरी कोणी कोणाला विचारलं? चढवताना न विचारणं ही चूक असेल, तर एका संध्याकाळीत उतरवणं ही तीच चूक दुसऱ्या दिशेने आहे.

मंगळवारी सकाळी डिस्ने वर्ल्डचा नियम बदललेला होता. मास्क सर्वत्र ऐच्छिक, गाड्यांतसुद्धा. आदल्या दिवशीपर्यंत बसमध्ये मास्कची सूचना ऐकू येत असे. आता थांब्यावरच्या रांगेत तोंडं उघडी होती, आणि मला कबूल केलं पाहिजे की ती बघायला बरं वाटलं. एक छोटी मुलगी आईला काहीतरी सांगत होती आणि तिचे ओठ दिसत होते. शेजारच्या दोन आज्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्या रांगेतल्या एकाही माणसाबद्दल माझ्या मनात राग नव्हता.

नवऱ्याचं आणि माझं यावर त्या दिवशी बरंच बोलणं झालं आणि ते अजून संपलेलं नाही. त्याचं म्हणणं, हा नियम कधीचाच अर्थ हरवून बसला होता. भुताच्या वाड्याच्या खेळातल्या बंद खोलीत शंभरेक माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तिथे लस घेतलेल्यांना फेब्रुवारीपासून मास्क नाही. आतिषबाजीच्या गर्दीत नाही. उपाहारगृहात नाही. आणि स्कायलायनरच्या केबिनमध्ये, जिथे वातानुकूलनच नाही आणि झरोक्यांतून सतत वारा खेळतो, तिथे मात्र चार वर्षांच्या मुलीने मास्क लावायचा. भारतात तर आरोग्य सेवा महासंचालनालयाने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नकोच असं सांगितलं होतं, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्याच अंगाचा होता. इथे दोन वर्षांच्या बाळाला सक्ती. फ्लोरिडाच्या उकाड्यात. हे सगळं त्याने मुद्देसूद मांडलं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

माझं उत्तर एवढंच होतं की भुताच्या वाड्यात न जाता येतं. आतिषबाजी लांबून बघता येते. बाबांनी तेच केलं होतं. तळ्याच्या काठावर, गर्दीपासून दूर, आईबरोबर बसून त्यांनी ती बघितली. जेवण बाहेरच्या बाकावर घेतलं. प्रत्येक ठिकाणी त्यांना निवड होती. गाडीत ती नसते. विमानाने येऊन हॉटेलात उतरलेल्या कुटुंबाकडे मोटार नसेल तर बसमध्ये चढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरूच होत नाही, आणि चढल्यावर शेजारी कोण उभं राहणार हे त्यांच्या हातात नाही. उघड्या दारातून सगळे आत येतात आणि दार बंद होतं. तिथे नियम सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला यात मला विसंगती दिसत नाही. तो गुंतागुंतीच्या अधिकारक्षेत्रांमुळे टिकला असेल, पण टिकला तो योग्य जागी.

आणि चालक. प्रवासी वीस मिनिटं त्या हवेत बसतो, चालक पूर्ण पाळी. बाबांनी प्रत्येक बसमध्ये चढताना चालकाला मान लवून नमस्कार केला, आणि मंगळवारच्या बसचा चालक मास्क लावून बसला होता हे त्यांनीच मला दाखवलं.

त्याच थांब्यावर, त्या उघड्या तोंडांच्या रांगेसमोर, आणखी एक गोष्ट घडली. ती तिथे रोज घडते. बस आली, खाली झुकली, चालकाने उतरून उतार टाकला आणि चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईंना आधी आत घेतलं. खुर्ची नीट बसवून पट्टे अडकवायला काही मिनिटं लागली. मागे पन्नासेक माणसं उन्हात उभी होती, कडेवर मुलं होती, आणि कोणीही तक्रार केली नाही. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० चा. त्याआधी हा उतार बसला असायलाच हवा असं कुठे होतं? तेव्हाही खर्चाचे, वेळेचे, गैरसोयीचे मुद्दे होते. आज त्या रांगेला ही काही मिनिटं आपल्याकडून कोणी हिसकावून घेतली असं वाटत नाही. गाडी सगळ्यांची आहे म्हणून ती थांबते.

बाबांचं अपंगत्व दिसत नाही. त्यांना उतार नको, त्यांना हवा हवी. बसच्या वातानुकूलनात ताजी हवा किती घ्यायची आणि गाळणी कुठल्या दर्जाची लावायची, हे माणसांच्या तोंडाला हात न लावता करता येतं. दिवसाच्या काही ठरावीक फेऱ्या मास्कच्या ठेवता येतात, ज्यांना हव्यात त्यांनी त्या घ्याव्यात. बदलाची तारीख आधी सांगता येते. एवढंच. नवरा यातल्या हवेच्या मुद्द्याला लगेच हो म्हणाला. मास्कच्या फेऱ्या चालवायच्या म्हणजे दारात पुन्हा चालकालाच वाद घालावा लागेल, असं त्याला वाटतं. चालकांना दोन वर्षं तो त्रास झाला हे खरंच आहे, म्हणून त्यावर मी अजून विचार करते आहे.

लहान मुलांचंही असंच अधांतरी होतं. पाच वर्षांखालच्या मुलांची लस अमेरिकेत त्या वेळी मंजूर नव्हती. ती आली जूनच्या मध्यानंतर. ज्या जागेचा सगळा डोलारा चार-पाच वर्षांच्या मुलांवर उभा आहे, तिथल्या गाड्यांतला शेवटचा आडोसा त्यांच्या लशीच्या दोन महिने आधी निघाला. मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो हे मला माहीत आहे. पण तीच मुलं रात्री आजोबांच्या मांडीवर झोपतात.

उरलेले दिवस आम्ही हॉटेलची बस सोडून दिली. अटलांटाहून आणलेली आपली मोटार होती, ती काचा खाली करून तळ्याच्या अलीकडच्या मोठ्या स्थानकापर्यंत न्यायची आणि तिथून मोनोरेलऐवजी फेरीबोट धरायची. तीन बोटी तिथे ये-जा करतात, एकेकीत सहाशे माणसं मावतात. बाबा पुढच्या उघड्या भागात कठड्याला धरून उभे राहत आणि वाऱ्यावर मास्क खाली घेत. लेक त्यांना किल्ल्याचे कळस दाखवायची. बाबांचं लक्ष धक्क्यावर असायचं. बोट लावताना दोर कोण टाकतो, फाटक कोण उघडतं, सहाशे माणसं किती मिनिटांत उतरतात. आमच्याकडे मोटार होती म्हणून हे जमलं. सगळ्यांकडे नसते.

सप्टेंबरमध्ये ते परत गेले. अमेरिकेतल्या विमानतळांवर मास्क लावणारे तोवर मोजके उरले होते, पण भारतीय विमान कंपनीच्या विमानात पाय ठेवल्यावर तो पुन्हा सक्तीचा होता. भारतात विमानातली सक्ती १६ नोव्हेंबर २०२२ रोजी उठली आणि त्यातही मास्क वापरणं इष्ट आहे असं म्हटलेलं होतं. विमानात सगळ्यांनी नीट लावला होता का, असं मी फोनवर विचारलं. "जेवण येईपर्यंत," बाबा म्हणाले. तरी त्या प्रवासात त्यांना निवांत झोप लागली होती.

टँपाच्या निकालावर सरकारने अपील केलं होतं. ते चालू असतानाच ११ मे २०२३ रोजी करोनाची आरोग्य आणीबाणी अधिकृतपणे संपली, आणि २२ जूनला अपील न्यायालयाने सांगितलं की आदेशच उरलेला नाही, तेव्हा त्यावर भांडण्यात अर्थ उरलेला नाही. टँपाचा निकालही त्याबरोबर पुसला गेला. म्हणजे अशी साथ पुन्हा आली तर देशभरच्या बस, रेल्वे आणि विमानांसाठी असा आदेश काढायचा अधिकार सीडीसीला आहे की नाही, याचं उत्तर त्या खटल्यातून मिळालंच नाही.

मी हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांना कायद्याच्या बारकाव्यात रस नसतो, पण हे त्यांनी थांबवून थांबवून ऐकलं.

"म्हणजे पुढच्या वेळी सूचना कोणी काढायची, हे ठरलेलं नाही?"

"नाही."

"मग ते आत्ता ठरवायला हवं ना गं. आत्ता गाडी आगारात उभी आहे."

मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी आलो तर ती बोट संध्याकाळी किती वाजेपर्यंत असते.